खांबापाशी की दाराआत? ट्रेलरच्या विजेच्या राखणीबद्दल

घरातल्या भिंतीतला प्लग आपल्या ओळखीचा असतो. कॅम्पग्राउंडवरचा खांब परका. ज्या सॉकेटमध्ये आपण शुक्रवारी संध्याकाळी ट्रेलरची, म्हणजे गाडीमागे ओढत न्यायच्या फिरत्या घराची, केबल खोचतो, त्यात त्या एका उन्हाळ्यात कित्येकांनी आपापले प्लग खोचलेले आणि उपटलेले असतात, त्यातले बरेचसे ब्रेकर चालू ठेवूनच. आतल्या पट्ट्या सैल पडलेल्या, काळवंडलेल्या. कुठे अर्थिंगची वायर स्क्रूमधून सुटलेली, कुठे फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल. खांब बाहेरून कितीही नवाकोरा रंगवलेला असला तरी आत काय चाललंय ते झाकण उघडल्याशिवाय कळत नाही, आणि झाकण उघडणं आपलं काम नाही. म्हणून खांब आणि ट्रेलर यांच्या मध्ये एक राखणदार हवा, याबद्दल वाद नाही. तो कुठे उभा करायचा, एवढाच प्रश्न आहे.

आम्ही टेक्सासात राहतो. तेवीस फुटी, ३० अँपचा ट्रेलर सात वर्षं आमच्याकडे आहे. एवढ्या काळात मी तीन पेट्या वापरल्या: आधी साधा सर्ज प्रोटेक्टर, मग खांबाला लावायचा ईएमएस (विजेवर नजर ठेवून बिघाड दिसला की ती तोडणारी पेटी), आणि गेली चार वर्षं ट्रेलरच्या आत बसवलेला ईएमएस. आमच्या मंडळातल्या एका जोडप्याने नुकताच ट्रेलर घेतला. त्यांचा फोन आला, "दादा, बाहेर लावायचा घेऊ की आत बसवायचा? पैसे तर दोन्हीला जवळपास सारखेच पडताहेत." अर्धा तास बोललो, तरी बरंच सांगायचं राहिलं. ते इथे लिहितो.

साध्या सर्ज प्रोटेक्टरचा विषय आधी संपवतो. शंभर डॉलरच्या आत मिळतो, म्हणून मोह होतो. वीज कडाडली किंवा लाइनवर अचानक उसळी आली, तर ती तो स्वतःवर झेलतो, तेवढ्यापुरता तो चांगलाच. पण व्होल्टेज कमी झालं, अर्थिंग नसलं, वायरी उलट्या असल्या, तर तो फार तर एक लाल दिवा लावतो. वीज तोडत नाही. आमच्या पहिल्याच उन्हाळ्यात एका जुन्या कॅम्पग्राउंडवर माझा मुलगा पोहून आला. ओलं अंग, अनवाणी पाय, ओलं गवत. त्याने ट्रेलरच्या दाराच्या मुठीला हात लावला आणि झटकन मागे घेतला. म्हणाला, "बाबा, दाराला मुंग्या येतात." त्याला आधी तिथून लांब केलं. पेनसारखा टेस्टर पत्र्याजवळ नेला तर तो टेकायच्या आधीच लाल होऊन ओरडायला लागला. खांबाचं अर्थिंग तुटलेलं होतं आणि सगळा पत्रा गरम, म्हणजे जिवंत झाला होता. ट्रेलर रबरी टायरांवर उभा असतो. केबलमधली अर्थिंगची वायर हाच त्याचा जमिनीशी असलेला खात्रीचा संबंध. ती तुटली की कुठल्याही उपकरणातून गळणारी थोडीशी वीज पत्र्यावर साचून राहते आणि ओल्या पायांची वाट बघते.

ब्रेकर पाडायला खांबाकडे गेलो तेव्हा दिसलं, की सर्ज प्रोटेक्टरवर अर्थिंगचा इशारा देणारा दिवा लागलेला होता. तो बहुधा दुपारपासूनच तसा असावा. पेटीला सगळं माहीत होतं. आम्ही मात्र ट्रेलरच्या दुसऱ्या बाजूला, मांडवाखाली, कांदे चिरत बसलो होतो.

त्या आठवड्यात ईएमएस मागवला. यात उसळी झेलण्याचं काम तर असतंच, शिवाय ते विजेवर सतत नजर ठेवतं आणि बिघाड दिसला की रिले, म्हणजे आपोआप चालणारा खटका, उघडून वीज तोडतं. बाजारात प्रोग्रेसिव्ह इंडस्ट्रीज, ह्यूजेस आणि साउथवायर ही नावं तुम्हाला सगळीकडे दिसतील. साधारण १०४ व्होल्टच्या खाली किंवा १३२ च्या वर गेलं की वीज बंद, हे गणित थोड्याफार फरकाने सगळ्यांचं सारखंच. वीज परत द्यायच्या आधी काही पेट्या दीड मिनिट थांबतात, काही दोन मिनिटांच्या वर, म्हणजे एसीच्या कॉम्प्रेसरमधला दाब उतरायला वेळ मिळतो. किती उसळी झेलेल ते सांगणारे ज्यूलचे आकडे जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतात. माझा अनुभव विचाराल तर निवड त्या आकड्यांवर करण्याइतका फरक मला कधी जाणवला नाही.

उसळीपेक्षा आपल्याला रोज छळतं ते कमी व्होल्टेज, आणि त्यामागे कुणाचा हलगर्जीपणा असेलच असं नाही. अमेरिकेच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडमध्ये आरव्ही पार्कसाठी, म्हणजे अशा फिरत्या घरांच्या तळांसाठी, ५५१ वं कलम आहे. त्यात ३० अँपची साइट, म्हणजे एक ट्रेलर लावायची जागा, ३,६०० व्होल्ट-अँपिअरची धरतात. पण ३६ किंवा त्याहून जास्त साइट असतील, तर त्या सगळ्यांच्या बेरजेच्या फक्त ४१ टक्के भार धरून मुख्य लाइन टाकायला परवानगी आहे. सगळे एकाच वेळी सगळं चालवणार नाहीत, हा त्यामागचा हिशेब. एरवी तो बरोबरही ठरतो. पण टेक्सासच्या जुलैत संध्याकाळी पाच वाजता सगळेच सगळं चालवतात. प्रत्येक ट्रेलरचा एसी, त्यावर मायक्रोवेव्ह, त्यावर पाणी तापवण्याचा हीटर. लाइनच्या शेवटच्या साइटवर ११८ चे १०५ होतात. एसीचा कॉम्प्रेसर कमी व्होल्टेजवर तेवढंच काम करायला जास्त करंट ओढतो, तापतो, आणि त्याचं आयुष्य घटतं. एकदम जळत नाही, म्हणून कळतही नाही.

दुसरं टोकही सांगून ठेवतो, कारण ते क्वचित घडलं तरी एका झटक्यात सगळं संपवतं. ३० अँपच्या सॉकेटला १२० व्होल्टच द्यायचे असतात. पण आरव्हीची माहिती नसलेला इलेक्ट्रिशियन ते कपडे वाळवण्याच्या यंत्राचं सॉकेट समजतो आणि २४० जोडून मोकळा होतो. नातेवाइकांच्या किंवा मित्राच्या घरी, गॅरेजजवळ नवीन सॉकेट बसवून घेतलं असेल तर हे जास्त संभवतं. ५० अँपवाल्यांना धास्ती न्यूट्रलची. तिथे १२० च्या दोन फेज येतात आणि न्यूट्रल मध्ये तोल सांभाळते. ती सुटली तर दोन फेजमधले २४० व्होल्ट ट्रेलरमधली उपकरणं आपापसात वाटून घेतात, आणि वाटणी समान नसते. एकीकडे ८०, दुसरीकडे १६०. आपल्याकडे गावात डीपीवरची न्यूट्रल तुटली की आळीतले टीव्ही आणि फ्रिज एकदम जातात, तोच प्रकार. पुढचं सगळं ईएमएस लावायचाच हे धरून लिहितो आहे. आतला असो वा बाहेरचा, या दोन्ही संकटांत दोघेही वीज आत सोडत नाहीत.

आता तुलना.

बाहेरची पेटी मी दोन वर्षं वापरली आणि तिच्याबद्दल माझ्या मनात आदर आहे. तिची सर्वांत मोठी सोय अशी, की ट्रेलर साइटवर नीट लावायच्या आधी, हिच, म्हणजे ट्रेलर गाडीला अडकवणारी जोडणी, सोडायच्या आधी, तुम्ही नुसती ती पेटी हातात घेऊन खांबाकडे जाऊ शकता. ब्रेकर बंद करायचा, पेटी खोचायची, ब्रेकर चालू करायचा आणि पडद्यावर काय येतंय ते बघायचं. वीज वाईट निघाली तर ऑफिसात जाऊन दुसरी साइट मागायची. चार टेकू खाली सोडून, मांडव उघडून, मुलांच्या सायकली उतरवल्यावर साइट बदलणं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. ट्रेलर विकला तरी पेटी आपल्याकडे राहते. भाड्याच्या आरव्हीलाही लावता येते. बिघडली तर काढून बाजूला ठेवली, संपलं.

चोरीची भीती लोक फार बोलून दाखवतात. मी एक साखळी आणि कुलूप लावायचो. दोन वर्षांत कुणी हात लावला नाही. पावसाचंही तसंच. तोंड खाली करून लटकवली तर पाणी आत जात नाही. मला जास्त खटकायचं ते तिचं वजन. आधीच सैल झालेल्या सॉकेटला ती पेटी आणि तिच्या मागून येणारी जाड केबल दोन्ही लोंबकळत राहतात. पट्टी आणखी सुटते, प्लग तापतो. मी खाली एक लाकडी ठोकळा टेकवून ठेवत असे. पण ही सगळी गैरसोय, अडचण नव्हे. यापायी मी पेटी बदलली नसती.

बदलली ती एका रात्रीमुळे.

चार जुलैची सुट्टी, मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावरचं एक खासगी कॅम्पग्राउंड, एकही साइट रिकामी नाही. आई सांगलीहून आली होती, ट्रेलरमधली तिची पहिलीच सहल. रात्री साडेनऊला जेवणं झाली, बाहेर कोमट पाऊस भुरभुरत होता आणि हवेत दमटपणा इतका की चादर ओली लागत होती. एकाएकी एसीचा आवाज थांबला. ट्रेलरमध्ये लाइट गेल्याचं चटकन कळत नाही, कारण दिवे बॅटरीवर चालतात. ते तसेच लागलेले. फक्त मायक्रोवेव्हच्या घड्याळातले हिरवे आकडे नाहीसे झाले होते.

खांब ट्रेलरच्या मागच्या बाजूला. रेनकोट चढवला, बूट घातले, टॉर्च घेतली, चिखलातून वळसा घालून गेलो. पेटीवर पाण्याचे थेंब. ते अंगठ्याने पुसले आणि वाकून बघितलं. पडद्यावर ‘ई४’, म्हणजे कमी व्होल्टेज. तेवढ्यात पेटीने आतल्या आत मोजणी पूर्ण केली, रिलेचा ‘टक्’ आवाज आला, एसी सुरू झाला. बरं वाटलं. आत आलो, बूट काढले, डोकं पुसलं. तीन मिनिटांत पुन्हा शांतता. पुन्हा बूट. असं चार वेळा झालं. दर वेळी मी जाईपर्यंत व्होल्टेज परत वर आलेलं असायचं, कारण आमचा स्वतःचा भार तुटलेला असायचा. पडद्यावर ११२ दिसायचे आणि मी विचार करायचो, एवढे तर पुष्कळ आहेत, मग तुटतंय कशाने?

पाचव्या वेळी मी बाहेरच थांबलो. भर पावसात आकडा उतरताना बघत. एसी नसताना ११२. एसी लागला, १०७. मग अचानक १०३, आणि टक्. तेव्हा डोक्यात उजेड पडला. पाण्याचा हीटर विजेवर होता. तो एकटा १२ अँप ओढतो. जेवणानंतरची भांडी झाली होती, त्यामुळे टाकीतलं पाणी गार होऊन तो मधूनच चालू होत होता. आत येऊन हीटर गॅसवर टाकला. त्यानंतर एसी सकाळपर्यंत थांबला नाही.

तोपर्यंत साडेदहा वाजून गेले होते. आई पदराने वारा घेत बिछान्यावर बसून होती. तिने सहज विचारलं, "तुझ्या त्या पेटीला काटा नाही का रे? अण्णांच्या पेटीला होता तसा?"

अण्णा म्हणजे माझे वडील. वाळवा तालुक्यात आमची विहीर, विहिरीवर तीन फेजची मोटर. मोटरच्या स्टार्टरची पेटी विहिरीजवळच्या खोपटात, आणि पेटीच्या दारावर दोन गोल डायल, एक व्होल्टचा, एक अँपचा. हिरवं बटण दाबायच्या आधी अण्णा व्होल्टचा काटा बघायचे. ३५० च्या खाली असला तर दाबायचे नाहीत. बांधावर बसून राहायचे, आणि काटा सरकला की उठायचे. पाणी चालू असतानाही मधूनमधून खोपटात डोकावून जायचे. शेजारच्या चार मोटरी एकदम लागल्या की काटा खाली येतो, हे त्यांना डोळ्यांनी दिसायचं. आसपासच्या विहिरींवरच्या मोटरी दर एक-दोन वर्षांनी रिवाइंडिंगला जायच्या. आमची क्वचितच गेली. मोटर वाचवणारी रिले त्या पेटीतही होतीच, पण तिच्यावर वेळ येऊ द्यायची नाही, ही अण्णांची पद्धत.

आईच्या त्या एका प्रश्नाने माझी निवड झाली. बाहेरची पेटी आपलं काम चोख करते, बिघाड झाला की वीज तोडते. पण तोडेपर्यंत ती आपल्याशी बोलत नाही, कारण ती खांबापाशी आणि आपण आत. मुलाच्या वेळी तेच झालं होतं, लाल दिवा लागला होता आणि आम्हाला दिसला नव्हता. मला काटा खोपटात हवा होता.

आतला ईएमएस मी ऑक्टोबरात बसवला. केबल जिथे ट्रेलरच्या आत शिरते आणि जिथे ब्रेकरचं पॅनेल आहे, त्या दोहोंच्या मध्ये, पलंगाखालच्या कप्प्यात. केबल खांबापासून सोडवलेली, बॅटरी सुटी केलेली, आणि टेस्टरने दोनदा खात्री करून मगच वायरीला हात लावला. १० गेजची वायर वाकवायला मनगटात जोर लागतो. स्क्रू पूर्ण घट्ट हवेत, आणि पहिल्या दोन सहलींनंतर पुन्हा आवळून घ्यायला हवेत, कारण रस्त्याच्या हादऱ्याने ते सैलावतात. मला अर्धा दिवस लागला. ज्यांना पॅनेल उघडायची सवय नाही, त्यांनी हे काम माणसाकडून करून घ्यावं. मग मजुरीचे पैसे वर पडतात, आणि तिथे ‘दोन्ही सारखेच पडतात’ हा हिशेब मोडतो, हे कबूल. पेटीपासून एक बारीक वायर भिंतीतून वर आणली आणि आकड्यांचा छोटा पडदा दाराजवळ, दिव्यांच्या बटणांशेजारी लावला. त्यावर व्होल्ट, अँप, हर्ट्झ आणि कोड एकामागून एक फिरत राहतात.

फरक पहिल्याच सहलीत कळला. आत येताजाता नजर जाते. दुपारी ११९. चारच्या सुमारास ११४. पाचला १०९. तेव्हाच बायको हीटर गॅसवर टाकते, मी पोळ्यांचा तवा बाहेरच्या शेगडीवर नेतो, आणि एसी चालू राहतो. कुणी कुणाला सांगावं लागत नाही. मुलगा मायक्रोवेव्हचं बटण दाबायच्या आधी पडद्याकडे बघतो आणि "एकशे सहा, थांबतो" म्हणतो. चार उन्हाळ्यांत कमी व्होल्टेजने आमची वीज तुटली ती माझ्या आठवणीत दोनदा. त्याआधीच्या दोन उन्हाळ्यांत किती वेळा तुटली ते मोजलेलं नाही, पण रेनकोट दाराशीच टांगलेला असायचा.

अँपचा आकडाही तितकाच कामाचा. ३० अँपचा ब्रेकर पडतो तेव्हा दोष खांबाचा की आपला, हा प्रश्न उरत नाही. एसीचे तेरा, हीटरचे बारा, चार्जरचे चार, म्हणजे २९ झालेच, त्यावर कॉफीची किटली लावली की पडणारच. हे घरातल्या सगळ्यांना तोंडपाठ झालंय. आणि जो एसी तीन वर्षं तेरावर चालत होता तो एखाद्या दिवशी पंधरावर गेला, तर कॉइलवरची धूळ साफ करायची वेळ झाली, हेही आतल्या आत कळतं.

आतल्या पेटीच्या उणिवा आहेत, त्या लपवत नाही. एक तर केबल जोडल्याशिवाय खांबाची परीक्षा होत नाही. त्यावर माझी तोड अशी: ट्रेलर साइटवर आणला की हिच न सोडता, टेकू न लावता आधी केबल जोडतो आणि आत जाऊन पडद्यापाशी उभा राहतो. वीज चांगली असल्याशिवाय पेटी ती पुढे सोडतच नाही, त्यामुळे धोका नाही, फक्त दोन-अडीच मिनिटं थांबावं लागतं. दुसरं, पेटी स्वतःच बिघडली तर पलंग उचलून पाने-पकड घ्यावी लागणार. माझ्या पेटीला एक खटका आहे, तो दाबला की परीक्षा करणारा भाग बाजूला राहतो आणि वीज तेवढी मिळते. पण त्या काळात राखण जवळपास नाही, हे लक्षात ठेवायला हवं. तिसरं, जनरेटर. छोट्या इन्व्हर्टर जनरेटरमध्ये न्यूट्रल आणि अर्थिंग आत जोडलेले नसतात, म्हणून पेटी ‘अर्थिंग नाही’ म्हणते आणि वीज देत नाही. त्यासाठी न्यूट्रल आणि अर्थिंग जोडणारा एक छोटा प्लग जनरेटरच्या रिकाम्या सॉकेटमध्ये लावावा लागतो. बाहेरची पेटी असेल तर ती काढून सरळ जोडता येतं, पण मग राखणही काढूनच ठेवली.

हल्ली खांबाला लावायच्या पेट्याही ब्लूटूथने फोनवर आकडे दाखवतात. माझी तक्रार त्याने निम्मी मिटते, हे मान्य करायला हवं. एका मित्राकडे तशी आहे, तो खूश आहे. मी त्याच्या ट्रेलरमध्ये बसून बघितलं तेव्हा मागच्या खोलीत सिग्नल येत होता, पुढच्या खोलीत पत्र्याआड जात-येत होता. वेगळ्या ट्रेलरला वेगळा अनुभव येईल. पण त्यातही फोन उचलून, उघडून बघावं लागतं. आई फोन उघडून व्होल्टेज बघणार नाही. भिंतीवरचा आकडा तिला दुसऱ्या दिवसापासून कळायला लागला.

व्होल्टेज वाढवून देणारे ऑटोफॉर्मरही मिळतात, आपल्याकडच्या फ्रिजच्या स्टॅबिलायझरसारखे. कमी व्होल्टेजला साधारण दहा टक्के वर उचलतात. मोह पडतो, पण तो दहा टक्के कुठून तरी येतो. त्यासाठी खांबाकडून तेवढा जास्त करंट ओढला जातो, आणि आधीच वाकलेल्या लाइनवरचा शेजारी आणखी खाली जातो. काही कॅम्पग्राउंडवर ते लावूच देत नाहीत. महागही बरेच. ज्याला पूर्ण उन्हाळा एकाच वाईट साइटवर काढायचा आहे, त्याने विचार करावा. आमच्यासारख्या शनिवार-रविवारवाल्यांना मी सुचवणार नाही.

दोन्ही पेट्यांना न दिसणारी एक गोष्ट जुन्या घरांत सापडते. कुणीतरी अर्थिंग नाही म्हणून सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थिंग एकत्र बांधलेले असतात, आणि वर फेज-न्यूट्रल उलटे. पेटी मोजते तेव्हा सगळे आकडे बरोबर येतात आणि पत्रा मात्र पूर्ण १२० वर असतो. म्हणून कुठेही केबल जोडली की मी पेनचा टेस्टर पत्र्याजवळ आणि दाराच्या मुठीजवळ नेऊन बघतो, मगच घरच्यांना आत-बाहेर करू देतो. वीस डॉलरची वस्तू आहे. तशीच दुसरी सवय: जोडल्यावर अर्ध्या तासाने खांबावरच्या प्लगला हात लावून बघायचा. कोमट चालेल, चटका बसायला नको. काही नव्या पेट्या हेही तपासतात, पण हाताइतकी खात्री मला अजून कशाची वाटत नाही.

मग त्या जोडप्याला काय सांगितलं? त्यांचा ट्रेलर वापरलेला आहे. दोन वर्षांत मोठा घेऊ, असं त्यांच्या मनात आहे. अशा वेळी बाहेरची पेटी घेणं चूक नाही, ती पुढच्या ट्रेलरलाही येईल, फक्त पुढचा ५० अँपचा निघाला तर ती उपयोगी नाही. भाड्याने आरव्ही घेणाऱ्यांना तर पर्यायच नाही. पण जो ट्रेलर पाच-सात वर्षं ठेवायचा आहे, ज्यात घरची म्हातारी माणसं आणि मुलं राहणार आहेत, जो जुलैत एसीशिवाय राहण्याजोगा नाही, त्यात मी आतलीच बसवेन. आज पुन्हा निवडायची वेळ आली तरी तेच.

त्या जोडप्यातल्या ताईंचं म्हणणं पडलं, "पण आम्हाला अजून पॅनेल कुठलं आणि कनव्हर्टर कुठला तेच कळत नाही." बरोबर आहे. तेव्हा घाई करू नका म्हटलं. माझी जुनी बाहेरची पेटी गॅरेजात होती, अजून चालू आहे. ती परवा त्यांच्याकडे नेऊन दिली, साखळी, कुलूप, लाकडी ठोकळा आणि पेनचा टेस्टर यांच्यासह. पुढच्या शुक्रवारी ते इंक्स लेकला निघालेत. पेटीच्या पाठीला मी एक कागद चिकटवला आहे, त्यावर कोडांचे अर्थ मराठीत लिहिलेत, आणि वरती मोठ्या अक्षरात: आधी ब्रेकर बंद.